केबिन बॅग तीन सेंटिमीटरनं मोठी निघाली, आता काय?

प्रश्न : नणंदेच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात, तुळशीच्या लग्नानंतर, बंगळूरला आहे. नागपूरहून आम्ही पाच जण विमानानं जाणार : मी, हे, सासूबाई (वय ६८, मधुमेह आहे), आठ वर्षांचा मुलगा आणि धाकटी मुलगी. ती पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. मुक्काम सहा दिवसांचा. ह्यांचं म्हणणं, चेक-इन सामान नकोच, उतरल्यावर बेल्टपाशी ताटकळावं लागतं. सगळं केबिनमध्येच घेऊ. म्हणून बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) 'केबिन साइझ' लिहिलेल्या, कडक कवचाच्या दोन ट्रॉली बॅगा आणल्या. घरी टेपनं मोजल्या तर उंची ५८ सेंटिमीटर, रुंदी ३७, जाडी २४. आणि रिकामी बॅगच ३.१ किलो. दुकानदार परत घेत नाही. सासूबाईंना लोणचं, कुरडया, मुंगवड्या, संत्रा बर्फी, टोपलीभर संत्री आणि पूजेचं सामान न्यायचं आहे. सामानाचा मेळ कसा घालू?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, नमस्कार. बॅगांकडे येतोच, पण त्याआधी तिकीट उघडून मुलीचं वय बघा. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर बसून, 'इन्फंट' म्हणून जातं. हे वय प्रवासाच्या दिवशी किती आहे त्यावर ठरतं, तिकीट काढलं त्या दिवसावर नाही. जाताना ती दोनच्या आत आणि परतीच्या दिवशी दोन पूर्ण, असं होत असेल तर परतीला तिला स्वतःची सीट लागेल. वाढदिवसाची तारीख तुम्ही लिहिली नाही, म्हणून हे सगळ्यात आधी. ही गोष्ट काउंटरवर लक्षात आली तर त्या दिवसाच्या भावात सीट घ्यावी लागते, तीही शिल्लक असेल तर. लग्नसराईत भरवसा धरू नका. आजच एअरलाइनला फोन करून परतीचं तिकीट दुरुस्त करून घ्या. जाताना तिच्या जन्मदाखल्याची प्रत आणि आधार जवळ ठेवा. मांडीवरच्या मुलाचं वय कागदावर दाखवावं लागतं.

आता बॅगा. तुमची टेप बरोबर आहे. बॅगेच्या लेबलवर बहुतेक वेळा नुसत्या कवचाची उंची असते. चाकं आणि वरची मूठ त्यात धरलेली नसते. चाकांनीच तीन-चार सेंटिमीटर वाढतात. 'केबिन साइझ' हे शब्द बॅग बनवणारा स्वतः छापतो, कुठली एअरलाइन त्यावर शिक्का मारत नाही. विमानतळावर मात्र मोजमाप सगळ्यात बाहेरच्या टोकापासून होतं : चाकं, मूठ, फुगलेला पुढचा कप्पा, सगळं धरून. काउंटरजवळ किंवा गेटजवळ धातूची चौकट ठेवलेली असते. बॅग तिच्यात न दाबता बसली पाहिजे. बॅगेला मोठी करायची जादा चेन असेल आणि ती उघडली असेल तर जाडी चार-पाच सेंटिमीटरनं वाढते. अशी बॅग सामान कमी असलं तरी चौकटीत अडकते.

देशांतर्गत प्रवासाचा हिशेब असा. लांबी, रुंदी, जाडी मिळून ११५ सेंटिमीटर आणि वजन ७ किलो. मात्र ही ११५ ची वाटणी सगळीकडे सारखी नाही. इंडिगो ५५ × ३५ × २५ मागते, एअर इंडियाच्या इकॉनॉमीत ५५ × ४० × २० चालते. म्हणजे २४ सेंटिमीटर जाडीची बॅग एकीकडे बसेल, दुसरीकडे अडेल. आणि ३८ रुंदीची बॅग नेमकी उलट. पुढे कधी नवी बॅग घ्याल तेव्हा ५५ × ३५ × २० चाकांसकट धरून घ्या, दोन्हीकडे चालेल. तुमच्या बॅगेची बेरीज ५८ + ३७ + २४, म्हणजे ११९. उंची बसत नाही आणि बेरीजही बसत नाही. नागपूरहून दोहामार्गे परदेशी जायचा कधी विचार असेल तर कतार एअरवेजची इकॉनॉमीतली मर्यादा ५० × ३७ × २५ आहे. तिथे ५५ ची बॅगही मोठी ठरते.

तीन-चार सेंटिमीटरसाठी कोण बघतं, असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. विमान अर्धं रिकामं असेल तर कुणी बघत नाही, हे खरं. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विमानं भरून जातात. साधारण १८० सीटच्या विमानात प्रत्येकाची ट्रॉली वरच्या कप्प्यात मावत नाही, म्हणून गेटवर बॅगा उचलून बघायला सुरुवात होते. कडेवर दोन वर्षांची मुलगी आणि शेजारी सासूबाई असताना गेटच्या रांगेत बॅग उघडून सामान इकडचं तिकडे करणं, यासारखी वाईट वेळ दुसरी नाही. ही जोखीम घेऊ नका.

आणि मापापेक्षा वजनाची अडचण मोठी आहे. सात किलोतले ३.१ किलो बॅगच खाते. सामानाला उरतात ३.९. एक जीन्स ६०० ते ७०० ग्रॅम, एक जरीची रेशमी साडी पाऊण ते एक किलो, घरचा जाड टॉवेल अर्धा किलो. लग्नाच्या कपड्यांत ३.९ किलो म्हणजे दोन साड्या, त्यांचे परकर-ब्लाउज, एक चपलेचा जोड आणि संपलं. त्याच मापाची, चाकं नसलेली कापडी पाठपिशवी एक किलोच्या आसपास असते, म्हणजे तिच्यात सहा किलो जातं. दोन किलोंचा हा फरक नुसत्या चाकांचा आणि कवचाचा आहे.

त्यामुळे 'सगळं केबिनमध्येच' हा बेत तुमच्या घरासाठी चुकीचा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. कामासाठी एकट्यानं दोन दिवस जाणाऱ्या माणसाला तो शोभतो. तुमच्याकडे चार सीट आहेत आणि देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण १५ किलो चेक-इन प्रत्येक सीटमागे मिळतं. हे ६० किलो तुम्ही तिकिटात आधीच विकत घेतले आहेत. फक्त तिकिटावर 'हँड बॅगेज ओन्ली' किंवा 'लाइट' असं काही नाही ना, ते तपासा. काही स्वस्त भाड्यांत चेक-इन सामान नसतंच.

ह्यांना हात मोजायला सांगा. मोठी धडधाकट माणसं दोन, हात चार. त्यातला एक हात कायम धाकटीला. एक सासूबाईंजवळ किंवा थोरल्याच्या खांद्यावर. उरले दोन. वरच्या कप्प्यात बॅग चढवणं सासूबाईंना आणि आठ वर्षांच्या मुलाला जमणार नाही, म्हणजे सीटमागे एक धरून चार ट्रॉल्या झाल्या तर त्या तुम्हा दोघांनाच उचलाव्या लागणार, तेही मागे रांग खोळंबलेली असताना. सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर चार बॅगा चढवायच्या, उतरवायच्या, त्यात मुलीला कडेवरून खाली ठेवायचं. बेल्टवरची वीस मिनिटं यापेक्षा कितीतरी सुखाची. तिथे सासूबाईंना खुर्ची मिळते, मुलांना शू करवून आणता येतं.

तेव्हा बर्डीच्या दोन ट्रॉल्या फुकट गेल्या असं समजू नका. त्या चेक-इनला टाका. त्या कामाला कडक कवच उत्तमच. घरातली जुनी मोठी बॅग तिसरी. चौथा नग म्हणजे संत्र्यांचा खोका. साधारण एका सीटमागे एकच नग धरतात, म्हणून दोरीनं बांधलेली टोपली पाचवी म्हणून काउंटरवर ठेवलीत तर तिचे वेगळे पैसे मागितले जातात. एकाच पीएनआरवर असलेल्या कुटुंबाचं वजन बहुधा एकत्र धरलं जातं, तरी कुठलाही नग १५ च्या वर नेऊ नका. एकत्र धरणं हे काउंटरवरच्या माणसाच्या हातात जातं आणि तुमची घासाघीस वाढते. एका बॅगेत ३२ किलोच्या वर तर कुठेच घेत नाहीत, उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी ती मर्यादा आहे. रेल्वेची सवय असलेल्यांना हे सगळं कडक वाटतं. एसी थ्री टिअरमध्ये माणशी ४० किलो फुकट नेता येतं आणि तेही सहसा कुणी तोलत नाही. इथे मात्र प्रत्येक किलो काट्यावर चढतो.

वजन घरीच करा. हुकाचा डिजिटल काटा सगळ्यात सोयीचा, तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो नसेल तर माणसांचा वजनकाटा गुळगुळीत फरशीवर ठेवा (गालिच्यावर तो चुकीचा आकडा दाखवतो), आधी बॅग घेऊन उभे राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. दोन काट्यांत अर्ध्या किलोचा फरक सहज पडतो, म्हणून घरी साडेचौदा झालं की थांबा.

भरताना माणसामागे एक बॅग असं करू नका. प्रत्येक बॅगेत प्रत्येकाचा एक पूर्ण जोड ठेवा. एखादी बॅग दुसऱ्या विमानात गेली तर एकाच माणसाचे सगळे कपडे हरवत नाहीत. हळदीला नाही तर निदान सीमांतपूजनाला प्रत्येकाकडे घालायला काहीतरी राहतं. लग्नाच्या मुहूर्ताला नेसायची तुमची साडी मात्र चेक-इनमध्ये टाकू नका. ती हँडबॅगेत, सुती पंच्यात गुंडाळून. बंगळूरला त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ गारवा असतो, पण नागपूरसारखी कडाक्याची थंडी नसते. जाड रजई, मोठी शाल, तीन-तीन स्वेटर लागणार नाहीत. एक पातळ स्वेटर अंगातच घालून निघा. अंगावरच्या कपड्यांचं वजन कुणी करत नाही. सगळ्यात जड बूट पायांत, जाड जॅकेट अंगात, हा साधा हिशेब. टॉवेलऐवजी पंचे न्या, माणशी तीनशे-साडेतीनशे ग्रॅम वाचतात.

हातातलं सामान आमच्या मते असं असावं. दोन कापडी पाठपिशव्या, एक तुमच्याकडे, एक ह्यांच्याकडे, प्रत्येकी पाच-सहा किलोच्या आत. तुमची पर्स वेगळी चालते. नागरी उड्डाण सुरक्षा ब्यूरोच्या नियमात एका प्रवाशाला एकच हँडबॅग आहे, पण लेडीज पर्स, लॅपटॉप, शाल, छत्री किंवा काठी आणि बाळाला प्रवासात लागणारं खाणं त्यातून वगळलेलं आहे. पर्ससारखी छोटी वस्तू इंडिगो तीन किलोपर्यंत घेते. थोरल्याला त्याची शाळेची लहान पाठपिशवी द्या : एक पुस्तक, रंगीत पेन्सिली, पाण्याची बाटली, एक स्वेटर. दोन किलोच्या वर नको. ती त्याला शेवटपर्यंत स्वतः वागवता आली पाहिजे, नाहीतर अर्ध्या वाटेत तुमच्याच खांद्यावर येते. कंपास पेटीतली कर्कटक आणि कात्री घरीच ठेवा. सुरक्षा तपासणीत पिशवी उघडायला लागते ती बहुतेक अशाच वस्तूंमुळे.

धाकटीच्या सामानात लोक सगळ्यात जास्त चुकतात. सहा दिवसांचे डायपर हँडबॅगेत भरतात आणि जागा तिथेच संपते. डायपर हलके असतात, वीस नगांचा पुडा सहाशे-सातशे ग्रॅम, पण जागा फार खातात. हाताशी फक्त दारापासून दारापर्यंतचे ठेवा. घरून निघणं, दोन तास आधी पोहोचणं, पावणेदोन-दोन तासांचं उड्डाण, बेल्ट, आणि देवनहळ्ळीच्या विमानतळाहून बंगळूर शहरात पोहोचायला ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास. एकूण सात तास धरा. तीन तासांना एक, म्हणजे तीन, आणि विमान लांबलं तर म्हणून आणखी तीन. सहा डायपर, ओल्या वाइप्सचं लहान पाकीट, तिचे दोन जोड, आणि तुमच्यासाठी एक जास्तीचा कुर्ता. हा शेवटचा लोक विसरतात, पण मूल ओकतं ते आईच्या अंगावर. बाकीचे डायपर चेक-इनमध्ये पुडा फोडून कपड्यांच्या मधल्या फटींत भरा. काचेच्या वस्तूंना तेच आधार देतात.

दूध, पेज, खिमट यांना प्रवासापुरतं बंधन नाही. सुरक्षेवर विचारलं तर दाखवायचं. दुधाची पावडर एकेका वेळेची वेगवेगळ्या छोट्या डब्यांत मोजून ठेवा आणि थर्मासमध्ये पाणी न्या. विमान खाली उतरायला लागलं की, म्हणजे जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधी, तिला काहीतरी प्यायला द्या. गिळलं की कानातला दाब सुटतो. म्हणून ती बाटली वरच्या कप्प्यात नको. सीटबेल्टचा दिवा लागल्यावर उठता येत नाही. घडी होणारी बाबागाडी असेल तर गेटपर्यंत नेता येते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण काउंटरवर तिला टॅग लावून घ्या.

प्रत्येक पाठपिशवीत सगळ्यात वर एक पातळ, चेनची, हातभर लांबीची पिशवी ठेवा. तिच्यात दागिने, औषधं, कागद, पॉवर बँक, चाव्या. गेटवर किंवा विमानाच्या दारात कधीकधी सांगतात, वरचे कप्पे भरले, बॅग खाली द्या. तेव्हा दहा सेकंदांत ही पिशवी उपसून घ्यायची आणि मगच बॅग सोडायची. लहान विमानांत, उदाहरणार्थ एटीआरमध्ये, कप्पे मुळातच उथळ असतात आणि सात किलोची नियमात बसणारी ट्रॉलीही बाहेर घेतली जाते. त्यामुळे माप बरोबर असलं तरी ही पिशवी हवीच. लग्नाचे दागिने चेक-इन बॅगेत कधीही घालू नका, डब्याला कुलूप लावूनसुद्धा नाही. बॅग हरवली तर मिळणारी भरपाई मर्यादित असते आणि दागिने, रोख रक्कम तिच्यात सहसा धरत नाहीत. तपासणीत डबा उघडायला सांगितला तर बाजूच्या खोलीत बघा म्हणून विनंती करा, ती मान्य होते.

पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच न्यावी लागते. तिच्यातल्या लिथियम बॅटरीला आग लागली तर केबिनमध्ये विझवता येते, खाली सामानाच्या पोटात कुणाला कळतही नाही. शंभर वॉट-अवरपर्यंतची परवानगीशिवाय चालते. वीस हजार एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, तेव्हा घरातली नेहमीची चालेल. क्षमतेचा आकडा पुसलेला असेल तर ती नेऊ नका, जप्त होते. विमानात ती सीटजवळ ठेवा, वरच्या कप्प्यात नको, आणि उड्डाणात तिच्यावर फोन लावून बसू नका. काही ट्रॉली बॅगांना चार्जिंगची सोय असते. तुमच्या बॅगेत तशी बॅटरी असेल तर चेक-इन करण्याआधी काढून हातात घ्या.

आता सासूबाईंची यादी. तिच्यावर घरात सगळ्यात जास्त बोलाचाली होते, आणि त्यांना सरसकट 'काही नको' म्हणणं बरं नाही. लेकीच्या घरचं कार्य आहे. बहुतेक गोष्टी जातात, फक्त जागा बदलायची.

मुंगवड्या आणि कुरडया ट्रॉलीत जातील. तिथे तुमचं कडक कवच खरं कामाला येतं. कुरडया स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात, वर-खाली वर्तमानपत्राचे बोळे, आणि डबा बॅगेच्या मध्यावर, चारही बाजूंनी कपडे. मुंगवड्यांचं वजन किरकोळ. संत्रा बर्फीचा डबा हातात नेता येतो, ती कोरडी आहे. पाकातली मिठाई मात्र हातात नको.

लोणचं हातातल्या सामानात अडवतात, ते चेक-इनमध्येच टाका. काचेची बरणी नको. जाड प्लास्टिकचा, रुंद तोंडाचा, आट्याचं झाकण असलेला डबा घ्या. वरचं तेल काढून ठेवा, फोडी आणि खार एवढंच भरा, गळ्यापासून दोन बोटं खाली. तोंडावर प्लास्टिकची फिल्म ताणा, वर झाकण घट्ट करा, झाकणाच्या कडेनं चिकटपट्टीचे दोन फेरे. मग चेनच्या दोन पिशव्या, एकीत एक, आणि वर जुना पंचा. लोणचं गळतं ते झाकण सैल असतं म्हणून, असं सगळे समजतात. पण वर गेल्यावर विमानातला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी होतो, सामानाच्या भागातसुद्धा. डब्यातली हवा फुगते आणि डबा आडवा असेल तर तीच हवा तेलाला बाहेर ढकलते. म्हणून तेल कमी ठेवायचं. बॅग उभी-आडवी कशीही फेकली जाणार, ते आपल्या हातात नाही. शाम्पूच्या, तेलाच्या बाटल्यांचंही तसंच : मऊ बाटली दाबून हवा काढा, मग झाकण लावा. सावजी मसाला, तिखट यांच्या पुड्याही हँडबॅगेत नकोत, चेक-इनमध्ये सीलबंद पाकिटात.

संत्री न्या, हंगामच आहे, आंबिया बहाराची असतील. साधारण आकाराचं संत्रं दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पाच किलोंत तीस-पस्तीस नग. त्याहून जास्त नको. टोपली नको, पुठ्ठ्याचा मजबूत खोका घ्या, बाजूंना चार-सहा भोकं पाडा. संत्री देठासकट, किंचित कडक निवडा. पिकून ढिली झालेली, साल सुटलेली एक जरी आत गेली तरी दाबानं फुटते आणि बाकीची ओली करते. दोन थरांच्या वर रचू नका, मध्ये वर्तमानपत्र. पॉलिथिनमध्ये बांधू नका, आत घाम धरतो. खोक्यावर नाव आणि बंगळूरचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा.

पूजेच्या सामानातल्या तीन गोष्टी मात्र घरीच राहू द्या : कापूर, काडेपेटी आणि सुकं खोबरं. कापूर ज्वालाग्राही आहे, काडेपेटी तर उघडच. खोबऱ्याचं लोकांना नवल वाटतं; त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून खोबऱ्याच्या वाट्या हातात आणि चेक-इनमध्ये दोन्हीकडे अडवतात. एक्स-रेमध्ये दिसल्या की तुम्हाला काउंटरवरून परत बोलावून बॅग उघडायला लावतात, आणि त्यात वेळ जातो. ओटीचे नारळ, खोबरं, कापूर बंगळूरच्या कुठल्याही पूजेच्या दुकानात मिळतं. नणंदबाईंना आधीच सांगून ठेवा. हळद-कुंकू, सुपाऱ्या, अक्षता, वस्त्रं, तुमच्या घरचा देव असेल तर तो, हे सगळं न्या. चांदीची भांडी हातातल्या सामानात, पण फॉइलमध्ये गुंडाळू नका, तपासणीत उघडावीच लागतात.

सासूबाईंची औषधं सहा दिवसांऐवजी नऊ दिवसांची घ्या आणि सगळी हँडबॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत. इन्सुलिन घेत असतील तर ते चेक-इनमध्ये कधीच नको. खाली ते गोठलं तर निकामी होतं आणि बघून कळतही नाही. साखर तपासायचं यंत्र, चार-पाच साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज आणि कोरडं खाणं त्यांच्याच पर्समध्ये. दशम्या, कोरडी भाजी चालते. व्हीलचेअर आत्ताच, तिकिटावर नोंदवून घ्या, तिचे पैसे नसतात. दोन दिवस आधी फोन करून नोंद आहे ना ते विचारा. व्हीलचेअरसोबत एका माणसाला पुढे सोडतात. आधीच ठरवा, ते हे की तुम्ही. दोन्ही मुलं दुसऱ्यासोबत राहतील.

सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, दोन तास आधी पोहोचा. देशांतर्गत उड्डाणाला सामान घेणं ६० मिनिटं आधी बंद होतं, तेव्हा दीड तास आधी जाणं म्हणजे तुमच्यासारख्या पाच जणांना काठावर जाणं आहे. वेब चेक-इन आदल्या दिवशीच करून घ्या आणि सीट शेजारच्या मिळतात ना ते बघा. तपासणीच्या ट्रेमध्ये फोन, लॅपटॉप, पॉवर बँक, चार्जर बाहेर काढून ठेवावे लागतात. हे सगळं एकाच पिशवीत असेल तर एकदाच काढायचं. धाकटीचा थर्मास सोडून पाण्याच्या बाटल्या रिकाम्या न्या, आत गेल्यावर भरा.

परतीचा विचार आत्ताच करा. जाताना लोणचं-संत्री असतात, येताना आहेर, साड्या, भांडी, बुंदीचे डबे. लग्नघरून कुणी रिकाम्या हातानं परतत नाही. म्हणून जाताना चारही नग मिळून ५० किलोच्या आतच भरा. तरी वाढेल असं वाटलं तर जादा किलो घरी बसून ऑनलाइन विकत घ्या. तेच वजन काउंटरवर घेतलं की किलोमागे बरंच महाग पडतं, आणि ऑनलाइनची खिडकी उड्डाणाच्या काही तास आधी बंद होते. म्हणून हा निर्णय निघायच्या आदल्या रात्री, लग्नघरातच, हुकाच्या काट्यावर बॅगा लटकवून घ्या. काटा सोबत नेलाच पाहिजे, जेमतेम शंभर ग्रॅमचा आहे. आणि परतीला धाकटीची सीट घेतली असेल तर तिच्या नावावरचे १५ किलो हिशेबात धरायला विसरू नका.